काठमांडूत बिऱ्हाड थाटताना: मी जिथे जिथे फसले ते सगळं

बदलीचं पत्र हातात पडलं तेव्हा घरचेदारचे सगळे एकच म्हणत होते, अगं नेपाळ म्हणजे काय परदेश आहे का, व्हिसा नाही, लिपी आपलीच, देव आपलेच, वरणभात खातात. मलाही तसंच वाटलं आणि तिथेच चुकलं. दुबईला जाणारा माणूस दहा जणांना विचारून जातो, काठमांडूला जाणारा कोणालाच काही विचारत नाही आणि मग सहा महिने रोज कुठेतरी आपटतो. मला इथे आता तीन वर्षं झाली, ओळखीतल्या चौघांना हेच सगळं फोनवर सांगून झालं, म्हणून एकदाचं लिहून टाकते. पशुपतिनाथ-मुक्तिनाथ करून आठवड्यात परत जाणाऱ्यांसाठी हे नाही, नोकरीसाठी बिऱ्हाड घेऊन येणाऱ्यांसाठी आहे.

१) निघायच्या आधी: कागदं

१९५० च्या करारामुळे आपल्याला व्हिसा लागत नाही हे खरं. पण विमानाने येणार असाल तर पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र लागतं, आधारवर भागत नाही (१५ च्या आतली मुलं आणि ६५ च्या वरचे लोक यांना सूट आहे). दरवेळी चेक-इन काउंटरवर कोणीतरी आधार पुढे करून भांडताना दिसतोच. माझं म्हणणं, व्होटर आयडी असलं तरी पासपोर्ट काढूनच या, पुढची बँकेबिंकेची कामं त्याच्यावर सोपी होतात.

फाईलमध्ये हे घाला:
- पासपोर्ट आणि त्याच्या दहाएक झेरॉक्स
- पासपोर्ट साइजचे फोटो, किमान दोन डझन, खरंच सांगते, इथे प्रत्येक फॉर्मला फोटो लागतो
- नेमणुकीचं पत्र, त्यावर पगार कुठल्या चलनात ते स्पष्ट लिहिलेलं
- लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, शाळेचा दाखला
- वडिलांचं आणि आजोबांचं पूर्ण नाव, स्पेलिंगसकट (हसू नका, खाली सांगते)
- चालू असलेली औषधं आणि डॉक्टरची चिठ्ठी

व्हिसा नाही म्हणजे बाकी काहीच नाही असं समजू नका. परवाना, कर, सोशल सिक्युरिटी यात तुमचं नेमकं काय होणार ते एचआरकडून ईमेलवर लिहून घ्या. तोंडी "काही लागत नाही हो" यावर जाऊ नका. आल्यावर लैनचौरला आपल्या दूतावासात नोंदणी करून टाका. आणि आपलं भारतातलं सिम निघण्याआधीच रोमिंगवर टाका, नाहीतर बँकेचा ओटीपी येणार नाही आणि तो येत नाही म्हणून रोमिंगचं रिचार्जही करता येणार नाही. मी या चक्रात नऊ दिवस होते.

२) पैसे: भारु, नेरु, आयसी, एनसी

दर सोपा आहे, आपले १०० म्हणजे त्यांचे १६०, आणि १९९३ पासून तो हललेला नाही. घोळ दराचा नाही, बोलण्याचा आहे. दोन्हीकडे रुपयेच. भारतीय रुपयाला इथे "भारु" किंवा "आयसी" म्हणतात, नेपाळीला "नेरु" किंवा "एनसी". घराचं भाडं ३२ हजार सांगितलं तर ते नेरु, म्हणजे आपले २० हजार. पण भारतीय चेहरा बघून एजंट कधी भारुत बोलतो कधी नेरुत, म्हणून आकडा ऐकला की पहिला प्रश्न "आयसी की एनसी?" पगाराच्या बोलणीतसुद्धा विचारा, तिथे लाजणारे लोक मी पाहिलेत.

नोटांचं म्हणाल तर आपल्या शंभरच्या आणि त्याखालच्या नोटांना अडचण येत नाही. शंभरच्या वरच्या नोटांवर २०१८ मध्ये बंदी आली होती आणि त्याचे नियम अधूनमधून बदलत असतात, त्यामुळे निघायच्या आठवड्यात ताजा नियम बघा. दुकानदाराने पाचशेची नोट उलटीपालटी करून परत केली तर रागावू नका, २०१६ च्या नोटबंदीत इथल्या लोकांच्या हातातल्या जुन्या नोटा तशाच राहिल्या, ते कोणी विसरलेलं नाही.

यूपीआय चालतं, मार्च २०२४ पासून. पण इथे एक गंमत आहे, दुकानात "फोनपे"ची पाटी दिसते आणि आपल्याला वाटतं वा, आपलं ॲप आलं. ते आपलं नाही. हे नेपाळचं स्वतःचं क्यूआर नेटवर्क, नावाचा उच्चार तेवढा तसा. आपल्या यूपीआयने त्याच्या क्यूआरवर दुकानदाराला पैसे जातात पण मैत्रिणीला पाठवता येत नाहीत, त्यामुळे राहायचं असेल तर इसेवा किंवा खल्ती (ही इथली वॉलेट ॲप्स) घ्यावंच लागतं.

घरी पैसे पाठवायचे असतील तर नीट वाचा. आपल्या बँकांमधून नेपाळला पैसे पाठवायची जी इंडो-नेपाळ योजना आहे ती एकेरी आहे, तिकडून इकडे. इकडून तिकडे नाही. ईएमआय भारतात आणि पगार इथे असं करून बसलात तर पहिल्याच महिन्यात तोंडाला फेस येतो. तीन-चार महिन्यांचे हप्ते भारतातल्या खात्यात ठेवूनच या आणि सीएला एकदा भेटून या.

३) गते आणि तारीख

हे सगळ्यात महत्त्वाचं. इथे विक्रम संवत चालतं आणि ते भिंतीवर टांगण्यापुरतं नाही, करार, बिल, पगार, सरकारी फॉर्म सगळं त्याच्यावर. वर्ष आपल्या इंग्रजी वर्षाच्या ५६-५७ पुढे, नवीन वर्ष एप्रिलच्या मध्यावर, आर्थिक वर्ष श्रावण १ ला म्हणजे जुलैच्या मध्यावर सुरू. आपण म्हणतो हे काय, आपल्यालाही चैत्र-वैशाख येतात की. नाही येत. आपले महिने चांद्र, यांचे सौर, संक्रांतीला सुरू होणारे. त्यांचा असार म्हणजे आपला आषाढ नव्हे. आपल्या मकरसंक्रांतीला त्यांचा माघ १ असतो, दरवर्षी, एवढं लक्षात ठेवलं तरी खूप. महिन्याचे दिवसही २९ ते ३२ काहीही असू शकतात.

नेपाळी महिन्याच्या दिवसाला "गते" म्हणतात, इंग्रजीला "तारिख". माझ्या भाडेकरारात लिहिलं होतं "हरेक महिनाको १ गते". मी १ तारीख वाचली आणि निवांत. असोज १ गते म्हणजे १७ सप्टेंबर. घरबेटी दिदी (म्हणजे घरमालकीणबाई) पंधरवडाभर काही बोलल्या नाहीत, मग एका संध्याकाळी चहाचा थर्मास घेऊन वर आल्या, हवापाणी झालं, माझ्या आईची तब्येत विचारून झाली, आणि निघताना दाराशी म्हणाल्या, "बहिनी, भाडा..." मी म्हटलं हो हो, १ तारखेला देते ना. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. काय वाटलं असेल मला ते विचारू नका. त्यांचं काय, नवी भाडेकरू पहिल्याच महिन्यात भाडं बुडवते असं त्यांना वाटून गेलं असणार.

"हाम्रो पात्रो" ॲप पहिल्या दिवशी टाका, त्यात तारीख बदलून मिळते. कुठलाही कागद सही करताना गते आणि तारीख दोन्ही लिहून घ्या.

आणि घड्याळ. भारताच्या १५ मिनिटं पुढे. ऐकायला क्षुल्लक वाटतं पण भारतातल्या हेड ऑफिसचा साडेदहाचा कॉल म्हणजे इथे पावणेअकरा, आणि लॅपटॉपची वेळ भारताची, फोनची नेपाळची अशी ठेवली तर दिवसातून एकदा तरी गाडी चुकते. दोन्हीकडे नेपाळचीच ठेवा. सुट्टी आमच्या ऑफिसला शनिवारी, रविवारी ऑफिस भरलेलं. भारतातले सगळे रविवारी लोळत असतात तेव्हा आपण डबा घेऊन निघायचं, याची सवय व्हायला मला वर्ष लागलं.

४) घर शोधणे

आधी शब्द. गल्लोगल्ली पाटी दिसेल "कोठा खाली छ". दचकू नका, कोठा म्हणजे साधी खोली. डेरा म्हणजे भाड्याचं घर, घरबेटी म्हणजे घरमालक, आणि "फ्लॅट" म्हणजे कोणाच्या तरी घराचा एक आख्खा मजला. टॉवरमधला फ्लॅट हवा असेल तर "अपार्टमेंट" म्हणा. घरबेटी बहुतेक त्याच घरात वर नाहीतर खाली राहतात, म्हणून घर बघता तेवढंच घरबेटींनाही बघा.

सानेपा, झम्सीखेल इकडे परदेशी लोक जास्त, भाडीही तशीच. लाजिम्पाट, बालुवाटार दूतावासांच्या बाजूला. बानेश्वरला नोकरदार मंडळी, गजबज. ऑफिसच्या बाजूलाच घर घ्या, बागमतीच्या पलीकडून रोज ये-जा करणं म्हणजे आयुष्य वाया.

घर बघायला गेल्यावर आपण मराठी माणसं आधी किचनचा ओटा बघतो. इथे आधी पाणी बघा. मेलम्ची प्रकल्पाचं पाणी मार्च २०२१ मध्ये पहिल्यांदा शहरात आलं आणि त्याच जूनमध्ये पुराने मुखाशीच सगळं उद्ध्वस्त केलं, तेव्हापासून पावसाळ्यात ते बंद ठेवतात. म्हणजे बाहेर धो धो पाऊस आणि नळाला पाणी नाही. मग बोअर, नाहीतर टँकर. विचारायचे प्रश्न हे: नळाचं पाणी किती दिवसांनी येतं, खाली टाकी केवढी, बोअर आहे का, टँकरचे पैसे कोण देणार, भाडेकरू किती. बोअरच्या पाण्यात लोह फार असतं. बाथरूमच्या पांढऱ्या फरशीवर, नळाच्या बरोबर खाली, तांबूस पट्टा दिसला की समजा. पुसून स्वच्छ केलेलं असलं तर एक पांढरी बादली भरून ठेवा, दुसऱ्या दिवशी तळाला केशरी गाळ बसतो. माझ्या नवऱ्याचे सगळे पांढरे शर्ट त्या पहिल्या घरात बिस्किटी झाले. पिण्यासाठी २० लिटरचा जार मिळतो, पण जारचं पाणीही उकळून प्या किंवा फिल्टर करा, पावसाळ्यात टायफॉइड इथे घरोघरी ऐकू येतो.

दुसरं, ऊन. आपण उन्हापासून पळणारे लोक, इथे ऊन शोधायचं. काठमांडू साधारण १४०० मीटरवर, जानेवारीत रात्री पारा दोन-तीनवर येतो आणि घरात कसलंही हीटिंग नसतं, फरशी बर्फासारखी. दक्षिणेची खिडकी आणि वर कौसी (म्हणजे गच्ची) वापरायला मिळणार का हे बघा. थंडीत अख्खं शहर दुपारी कौसीवर संत्री सोलत ऊन खात बसलेलं असतं आणि आपण तळमजल्यावर दोन मोजे घालून.

तिसरं, गॅस गिझर. हे मी मस्करीत सांगत नाहीये. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर लावून आंघोळ करताना कार्बन मोनॉक्साइडने दर हिवाळ्यात इथे माणसं जातात, त्याला वास नसतो, कळतच नाही. गिझर बाथरूमच्या बाहेर मोकळ्यावर बसवलेला नसेल तर बदलून मागा किंवा घर सोडा. छतावर सोलर असेल तर उत्तम.

चौथं, भूकंप. २५ एप्रिल २०१५ चा ७.८ चा. घर त्याच्या आधीचं की नंतरचं, पिलरवर उभं आहे की नुसत्या भिंतींवर, भेगा बुजवून रंग मारलाय का. लोक मोकळेपणाने सांगतात, विचारलंत तर राग येत नाही कोणाला.

बाकी करारात लिहून घ्यायचं: घरबहाल कर (भाड्यावरचा कर) कोण भरणार, वीज सबमीटरने की सरकारी बिलाने, कचऱ्याचे पैसे, घर सोडताना किती दिवसांची सूचना. मीटर किती अँपियरचा तेही बघा, ५ चा असेल तर इंडक्शन आणि हीटर एकत्र लावले की अंधार.

गॅससाठी पुस्तक नाही, नंबर लावणं नाही. दुकानात रिकामा सिलिंडर द्यायचा, भरलेला घ्यायचा. एक जास्तीचा भरून ठेवा, २०१५ च्या नाकाबंदीत लोकांनी गच्चीवर चुली पेटवल्या होत्या, तेव्हापासून बहुतेक घरात एक राखीव असतोच.

५) बँक, पॅन, सिम

सिम सोपं, नेपाळ टेलिकम किंवा एनसेल, पासपोर्टची प्रत आणि फोटो. व्हायबर टाका, ऑफिसचे नि शाळेचे ग्रुप बरेचदा त्याच्यावर असतात. पॅन इथला वेगळा काढावा लागतो, आपला पॅन इथे चालत नाही, कंपनी करून देते.

बँकेचा फॉर्म मात्र बघण्यासारखा. तीन पिढ्यांची नावं लागतात, म्हणजे वडील आणि आजोबा, बायकांना शिवाय सासरे. दोन्ही अंगठ्यांचे ठसे, डावा उजवा. आणि शेवटी एक रिकामी चौकट, त्यात आपल्या घराचा नकाशा हाताने काढायचा. मी आधी चुकीचा फॉर्म दिला असं वाटून परत नेला. तसं नाही, इथे घर नंबराने पत्ता कोणी सांगत नाही, चौक, मंदिर, धारा (सार्वजनिक पाणवठा), शाळा, मग आत तिसरी गल्ली. त्यामुळे नकाशा. मी पिंपळाचं झाड काढलं, एक किराणा दुकान काढलं, बाण काढला, काउंटरवरच्या मुलीने कौतुकाने बघून शिक्का मारला. खुणेच्या तीन जागा नेपाळीत पाठ करून ठेवा, डिलिव्हरीवाला फोन करून हेच विचारतो.

६) किराणा, जिथे शब्द आपल्याला फसवतात

भाजीला कालीमाटी, मसाले-डाळींना असन. आता शब्द. "बदाम" मागितलेत तर शेंगदाणे मिळतात, कूट करायला हवे तेव्हा बदामच मागायचे. "मासको दाल" वाचून शाकाहारी मंडळींनी घाबरू नये, ती उडदाची डाळ. मांस म्हणजे "मासु". तूर म्हणजे "रहर". "कोदो" म्हणजे नाचणी, भाकरीची सोय झाली, ज्वारी मात्र मला कधी सहज मिळाली नाही. "चिउरा" म्हणजे पोहे, पण जाड आणि कडक, भिजवायला आपल्यापेक्षा जास्त वेळ द्या. "मिठो" म्हणजे चविष्ट, गोड नव्हे, गोडाला "गुलियो". मी पहिल्याच जेवणाला दिदींच्या भाजीला नाक मुरडत म्हटलं होतं नाही नाही, मिठो नाही आवडत. बाई बिचाऱ्या गप्प झाल्या. "खाजा" म्हणजे मधल्या वेळचं खाणं. मोमो घेताना आत काय ते विचारा, बफ म्हणजे म्हैस.

कोकम, गोडा मसाला, ज्वारीचं पीठ येताना आणा. साबुदाणा मिळतो.

७) बोलणं

हिंदी जवळपास सगळ्यांना समजते आणि म्हणूनच सुरुवात हिंदीत करू नका. हिंदी गृहीत धरणारा भारतीय इथे आवडत नाही. "दाइ", "दिदी", "भाइ", "बहिनी" लावून मोडक्या नेपाळीत दोन वाक्यं बोला, मग समोरचाच हिंदीवर येतो. आपल्या तोंडी "तू" पटकन येतं, इथे "तँ" म्हणजे अपमान, अनोळखी माणसाला, रिक्षावाल्याला, कामवाल्या दिदीला सगळ्यांना "तपाईं". "हुन्छ" म्हणजे बरं, ठीक, होईल, हो, सगळंच. प्लंबरने "हुन्छ, भोलि" म्हटलं तर तो उद्या येईल असं नाही, त्याने तुमचं ऐकलं एवढंच.

८) फिरणं

पठाओ किंवा इनड्राइव्हवर बाइक मागवा, हेल्मेट तो देतो, स्वतःचा रुमाल डोक्याला बांधा. हिरव्या साझा बस बऱ्या. पांढऱ्या तीनचाकी सफा टेम्पो विजेवर चालतात आणि त्या बऱ्याच बायका चालवतात, आत बसल्यावर गुडघ्याला गुडघा लागतो. २०१७ पासून काठमांडूत विनाकारण हॉर्न वाजवायला बंदी आहे आणि लोक बऱ्यापैकी पाळतात, आपल्याकडून आलेल्या माणसाला पहिला आठवडा बहिरं झाल्यासारखं वाटतं. भारतातून स्वतःची गाडी आणायचा विचार सोडा, रोजचा भन्सार (म्हणजे सीमाशुल्क) भरावा लागतो आणि दिवसांची मर्यादा आहे.

मार्च-एप्रिलमध्ये वणव्यांचा धूर खोऱ्यात अडकतो, दमा असेल तर चांगले मास्क आणा.

मुलांची शाळा: सत्र वैशाखात सुरू होतं. सीबीएसई हवं असेल तर केंद्रीय विद्यालय आहे, बदलीचा दाखला तयार ठेवा.

९) बंद आणि गडबड

मोर्चे मैतीघरला जमतात, तो रस्ता त्या दिवशी टाळा. सप्टेंबर २०२५ मध्ये आधी सोशल मीडिया बंद झाला, मग चार-पाच दिवसांतच आंदोलन पेटलं, कर्फ्यू, विमानतळ बंद. सोशल मीडिया बंद होता त्या दिवसांत व्हॉट्सॲप नव्हतं, व्हायबर चालू होतं, घरच्यांशी बोलणं त्याच्यावरच. म्हणून आईबाबांच्या फोनमध्येही व्हायबर टाकून या. घरात आठवड्याचं धान्य, थोडी रोख, पॉवर बँक. पोलीस १००, अग्निशमन १०१, ॲम्ब्युलन्स १०२.

१०) दसैं

नवरात्र ते कोजागिरी असा पंधरा दिवसांचा सण, आणि शहर अक्षरशः रिकामं होतं, सगळे गावी. कामवाल्या दिदी, भाजीवाला, प्लंबर, जारवाला, कोणी नाही. घटस्थापनेच्या आधीच गॅस, पाणी, औषधं भरून ठेवा. गावी जायची तिकिटं लोक फार आधी काढतात, तुम्हाला पोखरा-बिखरा करायचं असेल तर तसंच.

दशमीला घरबेटी वर बोलावतील, जा, टाळू नका. फळं किंवा मिठाई न्या. दही, तांदूळ आणि लाल अबीर कालवून कपाळभर टिका लावतात, आपल्या घटात उगवतं तसलंच पिवळं धान, त्याला जमरा म्हणतात, ते कानामागे खोचतात, आणि वयाने लहान म्हणून दक्षिणा आपल्यालाच देतात, नको नको करू नका, घ्यायची असते. टिका लगेच धुवायचा नसतो. मी पहिल्या वर्षी तशीच भारतातल्या ऑफिसच्या कॉलला बसले, कॅमेरा सुरू झाला आणि पलीकडून तिघेजण एकदम ओरडले, अगं डोक्याला काय लागलं, रक्त येतंय!